लाल बटणाआधीचा वाद

माझा भाचा नाशिकला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि आठ वर्षं तबला शिकतो आहे. दिवाळीत त्याने मला विचारलं, "मामा, घरच्या लॅपटॉपवर रेकॉर्डिंग करायचंय. सॉफ्टवेअर कुठलं घेऊ?" मी तोंड उघडायच्या आत फराळाला बसलेल्या तिघांनी उत्तरं दिली. पहिल्याचं म्हणणं, स्टुडिओवाले वापरतात तेच घे, नाहीतर दोन वर्षांनी सगळं पुन्हा शिकावं लागेल. दुसऱ्याचं म्हणणं, प्रत्येक सॉफ्टवेअरचा आवाज निराळा असतो, स्वस्तातल्याचा पातळ येतो. फुकटातलं सॉफ्टवेअर म्हणजे पोरखेळ, असा निकाल तिसऱ्याने दिला आणि वर खिशातला पेन ड्राइव्ह पुढे केला. त्यात महागडं सॉफ्टवेअर 'क्रॅक' करून ठेवलेलं होतं. चकल्या संपल्या तरी चर्चा संपली नाही, आणि तबल्याची गवसणी त्या दिवशी निघालीच नाही.

ही तिन्ही मतं मी इतक्या ठिकाणी आणि इतक्या ठामपणे मांडलेली ऐकली आहेत की त्यांना पूर्वपक्षाचा मान द्यायलाच हवा. पूर्वपक्ष खोडायचा तर आधी तो त्याच्या उत्तम रूपात मांडावा, ही आपली जुनी रीत. त्यामुळे त्या तिघांना मी मूर्ख ठरवणार नाही. त्यातले दोघे तर माझ्यापेक्षा बरं वाजवतात.

या प्रकारच्या सॉफ्टवेअरला धंद्यातले लोक 'डिजिटल ऑडिओ वर्कस्टेशन'च्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'डॉ' म्हणतात. देवनागरीत लिहिलं की पुढे एखाद्या वैद्याचं नाव येणार असं वाटतं. सल्ला देणाऱ्यांचा आव पाहता ते अगदीच चुकीचं नाही.

पहिला पक्ष सर्वांत वजनदार. प्रो टूल्स हे जगभरच्या मोठ्या स्टुडिओंचं सॉफ्टवेअर आहे, ही गोष्ट खरी. वाद आहे तो त्यातून काढलेल्या अनुमानाशी. मोठे लोक वापरतात म्हणून ते उत्तम, आणि उत्तम म्हणून नवशिक्याने तिथूनच सुरुवात करावी, असं हे अनुमान. ते तपासायचं तर मोठ्यांनी ते का घेतलं, हे आधी पाहावं लागतं. डिजिडिझाइन या कॅलिफोर्नियातल्या कंपनीने 1991 साली प्रो टूल्स बाजारात आणलं तेव्हा त्यात ट्रॅक होते चार आणि किंमत होती सुमारे 6,000 डॉलर. त्या काळच्या मॅकिंटॉशला एवढं गणित एकट्याने झेपत नसे, म्हणून गणित करणारं वेगळं कार्ड आत बसवावं लागे. तरी स्टुडिओंनी ते घेतलं. टेप ब्लेडने कापून चिकटवण्यापेक्षा पडद्यावर कापणं सोपं होतं, आणि चुकलं तर मागे येता येत होतं. मग एका स्टुडिओत सुरू झालेलं गाणं दुसऱ्या स्टुडिओत पुरं व्हायचं, चित्रपटाचा आवाज चार हातांतून जायचा, त्यामुळे एकाने घेतलं की शेजाऱ्याला घेणं भाग पडलं. शिवाय 2010 मध्ये नववी आवृत्ती येईपर्यंत हे सॉफ्टवेअर त्याच कंपनीचं किंवा तिच्या भावकीतलं यंत्र जोडल्याशिवाय सहसा चालत नसे. ज्याने यंत्रात लाखो रुपये घातले तो सॉफ्टवेअर सहज बदलेल कसा?

थोडक्यात, 'इंडस्ट्री स्टँडर्ड' ही रुळांची रुंदी आहे. सगळ्या गाड्या एकमेकींच्या स्थानकांत शिराव्यात म्हणून ती ठरलेली असते. जो आपल्या वाड्याच्या अंगणात सायकल शिकतोय त्याने रुळांची रुंदी मोजून काय करायचं?

एक सूट मी मोकळ्या मनाने देतो. अंधेरीच्या एखाद्या स्टुडिओत असिस्टंट म्हणून लागायचं हे ज्याचं ठरलेलं आहे, त्याने प्रो टूल्स शिकावं, आजच शिकावं. त्यासाठी पैसेही लागत नाहीत. 2022 पासून त्याची एक फुकट आवृत्ती मिळते, तिच्यात आठ ऑडिओ ट्रॅक आहेत. पण 'पुन्हा शिकावं लागेल' ही भीती मात्र पोकळ आहे. माइक डग्ग्यापासून किती लांब ठेवायचा, पातळी कुठवर न्यायची, दोन टेकमधला चांगला कोणता, श्वास कुठे कापायचा नाही, हे शिकायला वर्षं जातात, आणि हे सगळं या सॉफ्टवेअरमधून त्या सॉफ्टवेअरमध्ये जसंच्या तसं बरोबर येतं. नवे शिकायचे ते मेनू. पायपेटीवर शिकलेल्याला हातपेटी नव्याने शिकावी लागत नाही. भाता तेवढा हाताने ओढायचा.

दुसरा पक्ष आवाजाचा. इथे जरा थांबायला हवं, कारण हे मत चुकीचं असलं तरी ते मांडणारा खोटं बोलत नसतो. त्याला खरोखर फरक ऐकू आलेला असतो.

आवाज माइकमधून ऑडिओ इंटरफेसमध्ये जातो आणि तिथेच त्याचे आकडे होतात, सीडीच्या मापाने सेकंदाला 44,100. सॉफ्टवेअरपर्यंत पोचतो तेव्हा तो आवाज राहिलेलाच नसतो, आकड्यांची रांग झालेला असतो. सॉफ्टवेअर ती रांग डिस्कवर जशीच्या तशी उतरवून ठेवतं. दहा ट्रॅक एकत्र वाजवायचे म्हणजे दहा रांगांमधले त्या त्या क्षणाचे आकडे घ्यायचे, कमी-जास्त आवाजासाठी कशाने तरी गुणायचे आणि बेरीज करायची. मिक्सिंगचं इंजिन म्हणून ज्याचा गवगवा होतो ते तळाशी एवढंच आहे. आजची सॉफ्टवेअरं ही बेरीज इतके दशांश धरून करतात की होणारी चूक कोणत्याही कानाच्या कितीतरी खाली राहते. बेरीज हॅम्बर्गमध्ये केली काय आणि कॅलिफोर्नियात केली काय.

मग फरक ऐकू येतो तो कशाचा? पुष्कळदा एका क्षुल्लक संकेताचा, ज्याला 'पॅन लॉ' म्हणतात. एकच आवाज मधोमध ठेवला की तो डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही स्पीकरमधून येतो, त्यामुळे कडेला असतानापेक्षा मोठा वाटतो. ते सावरायला सॉफ्टवेअर मध्यावरचा आवाज थोडा उतरवतं. किती उतरवायचा, हे ज्याचं त्याने ठरवलं. कुठे 3 डेसिबल, कुठे साडेचार, कुठे 6, कुठे काहीच नाही. झालं! तेच गाणं, त्याच फायली, पण एका सॉफ्टवेअरमध्ये गायकाचा आवाज बारीकसा मोठा आणि दुसऱ्यात बारीकसा दबलेला. माणसाचा कान असा की किंचित मोठा आवाज त्याला 'मोठा' वाटत नाही, 'भरीव' वाटतो. पातळ आणि भरीव ही विशेषणं तिथून येतात.

हे भाच्याला तोंडी पटेना, म्हणून प्रयोग केला. त्याचा तबला आणि पेटीवरचा लेहरा अशा दोन फायली घेतल्या. दोन वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये त्या लावल्या, कुठलाही परिणाम न जोडता दोन्हीकडून मिश्रण बाहेर काढलं आणि ती दोन मिश्रणं तिसऱ्यात एकाखाली एक ठेवून त्यातलं एक उलटं केलं. उलटं म्हणजे मागून पुढे नव्हे. जिथे अधिक तिथे उणे, एवढंच. दोन्ही सारखी असतील तर अधिक आणि उणे एकमेकांना खाऊन टाकतात. पहिल्या खेपेला दूरवर वाजावा तसा तबला उरला. भाचा विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहत राहिला. मग दोन्हीकडचा पॅन लॉ एक केला आणि पुन्हा तेच केलं. शांतता! मीटरची काठी तळाला. त्याने हेडफोनची पिन बरोबर बसली आहे का, ते दोनदा पाहिलं.

अपवाद सांगायला हवेत. लय ताणली, पट्टी बदलली, सॉफ्टवेअरसोबत आलेला प्रतिध्वनी जोडला, तर फरक पडेल, कारण ती कामं साध्या बेरजेची नाहीत आणि प्रत्येकाची करण्याची पद्धत निराळी आहे. मिक्सबससारखं एखादं सॉफ्टवेअर जुन्या कन्सोलचा रंग मुद्दाम मिसळतं आणि तसं जाहीर सांगतं. पण 'नुसतं रेकॉर्ड केलं तरी अमुक सॉफ्टवेअरमध्ये गोड येतं', हे शास्त्राला धरून नाही.

आवाज कुठे बिघडतो, याचा धडा मला स्वतःला महागात मिळाला. पेटीच्या रेकॉर्डिंगमध्ये मागे एक बारीक घरघर येत होती. सहा महिने ती मी सॉफ्टवेअरमध्ये शोधली. एक बदललं, दुसरं विकत घेतलं, घरघर काढणारं प्लगइन घेतलं. एका संध्याकाळी वीज गेली, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला आणि घरघर नाहीशी झाली. दोष चार्जरमधून येणाऱ्या विजेच्या 50 हर्ट्झच्या गुणगुणीचा होता. तेव्हापासून मी चार्जर काढून, पंखा बंद करून, भिंतीला गोधडी टांगून आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून झाल्यावर पेटी उघडतो. यातली एकही गोष्ट कुठल्याही सॉफ्टवेअरच्या जाहिरातीत नाही.

नाचता येईना त्याला अंगण वाकडं, ही म्हण आपण नाचणाऱ्यावर वापरतो. या व्यवहारात ती उलटी लागू पडते. नाच शिकायच्या आधी अंगणाला इटालियन फरशी बसवून घ्या, असा सल्ला देणारेच इथे जास्त.

तिसरा पक्ष फुकटाचा. 'फुकट ते काय कामाचं' या समजुतीला केकवॉकची गोष्ट पुरेशी आहे. 1987 साली डॉसवर जन्मलेलं हे जुनं सॉफ्टवेअर 'सोनार' या नावाने विकलं जात होतं आणि त्याच्या सर्वांत वरच्या आवृत्तीची किंमत 500 डॉलरच्या घरात होती. नोव्हेंबर 2017 मध्ये मालक कंपनीने, म्हणजे गिब्सनने, त्याचं काम थांबवलं. फेब्रुवारी 2018 मध्ये सिंगापूरच्या बँडलॅबने ते घेतलं आणि दोनेक महिन्यांत फुकट वाटायला सुरुवात केली. हिवाळ्यात 500 डॉलरचं असलेलं सॉफ्टवेअर उन्हाळ्यात फुकट झालं. त्याचा आवाज काही मधल्या काळात रोडावला नाही. किंमत हा कंपनीच्या हिशेबाचा आकडा असतो. जाता जाता, ऑडॅसिटी हे अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात 1999 साली सुरू झालेलं काम, 2000 साली लोकांच्या हाती आलं आणि आजही फुकट आहे. अॅपलचं गॅरेजबँड 2004 सालचं, तेही आज मॅकवर फुकट मिळतं.

इथे आमच्या बाजूचे वकील एक चूक हमखास करतात. रिहानाच्या 2007 सालच्या 'अंब्रेला'चा ड्रमचा ठेका गॅरेजबँडमध्ये आयता मिळणारा आहे, बीटल्सनी 1967 चा 'सार्जंट पेपर' चार ट्रॅकच्या यंत्रांवर केला, असे दाखले ते देतात. दाखले खरे आहेत, पण लंगडे. त्या ठेक्यावर चढलेला बाकीचा डोलारा कसलेल्या हातांचा होता, आणि चार ट्रॅकच्या मागे ॲबी रोड स्टुडिओची खोली नि निर्माता जॉर्ज मार्टिनचा कान उभा होता. यातून सिद्ध होतं ते एवढंच की ट्रॅकची संख्या आडवी येत नाही. मला जवळचं वाटतं ते जात्यावरच्या ओव्यांचं काम. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्राच्या गावोगावच्या बायकांच्या 1 लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या आणि 1990 च्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यांतल्या काही जागेवर जाऊन ध्वनिमुद्रित केल्या. काम काय आहे ते स्पष्ट होतं. बाईचा आवाज, तिचे शब्द आणि तिची चाल नीट यावी. काम इतकं स्पष्ट असलं की हत्यार निवडायला वेळ लागत नाही.

पेन ड्राइव्हवाल्या मित्राबद्दल फार लिहीत नाही. क्रॅकबरोबर काय काय संगणकात शिरतं, ते मी एका तरुण गायकाच्या घरी पाहिलं आहे. त्याच्या तीन वर्षांच्या चाली एका रात्रीत कुलूपबंद झाल्या. शिवाय आपलं गाणं कोणी न विचारता उचललं तर गळा काढणाऱ्याने दुसऱ्याचं काम खिशात घालून हिंडावं, हे मला तरी जड जातं.

इतकं खंडन झाल्यावर कोणी म्हणेल, मग सगळी सारखीच, चिठ्ठी टाका आणि उचला. हेही मला मान्य नाही, आणि उलट्या टोकाचं हे मत आजकाल शहाणपणाच्या थाटात फिरतं म्हणून त्याचाही समाचार घ्यायला हवा. आवाज सारखा असला तरी स्वभाव सारखे नाहीत. प्रत्येकावर जन्मखूण आहे. एफएल स्टुडिओ 1997 साली बेल्जियममध्ये 'फ्रूटीलूप्स' या नावाने जन्मलं ते ठोक्यांचे चौकोन भरायचं यंत्र म्हणून. गणपतीची आणि हळदीची रिमिक्स करणारी आपली पोरं त्यावर बसतात ती उगाच नाही. एबलटन लाइव्ह 2001 साली बर्लिनमध्ये आलं ते रंगमंचावर वाजवण्यासाठी, हे त्याच्या नावातच आहे. क्यूबेस 1989 साली अटारी संगणकावर आलं, तेव्हा आवाज नव्हे तर कीबोर्डच्या पट्ट्यांची नोंद ठेवायला. ऑडॅसिटी मुळात आवाजाची पट्टी कापायची-जोडायची कात्री आहे. तिच्यावर कीबोर्डचं प्रोग्रॅमिंग करायला जाल तर वैतागाल.

आपल्या संगीतापुरता तर एक फरक सगळ्यांत मोठा आहे, आणि त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. यांतलं जवळजवळ कुठलंही सॉफ्टवेअर उघडा, ते मिनिटाला 120 ठोके आणि चार-चारचे खण आखून तुमची वाट पाहत बसलेलं असतं. झपतालाचं आवर्तन दहा मात्रांचं. त्याला पाचाचे दोन खण मांडून बसवता येतं. रूपकाला सातांचा खण मिळतो, पण रूपकाची सम 'खाली'वर, म्हणजे रिकाम्या मात्रेवर, आहे हे यंत्राला कोण सांगणार? ते बिचारं दर खणाच्या पहिल्या मात्रेवर टणकन क्लिक वाजवतं. आणि भजन तर कुठल्याच खणात राहत नाही. अभंग ठायीत उठतो, टाळकरी रंगात येतात, लय चढत जाते, आणि ती चढण हाच त्या गाण्याचा प्राण असतो. क्लिकला बांधून रेकॉर्ड केलेलं भजन शाळेच्या कवायतीसारखं ऐकू येतं. त्यामुळे आपल्या नवशिक्याने विचारायचा प्रश्न हा की क्लिक बंद करून मला मोकळं वाजवता येतं का, आणि नंतर हवं तर माझ्या लयीवर ती चौकट बेतता येते का? क्यूबेसमध्ये आणि रीपरमध्ये (त्याच्याबद्दल पुढे सांगतो) हे हाताने करता येतं, अॅपलच्या लॉजिकमध्ये 2018 पासून बरंचसं आपोआप होतं.

सुराचंही तेच. आवाज सुरात आणून देणारी सोय सोबत मिळते म्हणून सॉफ्टवेअर घेणारे मी पाहिले आहेत. 1997 साली आलेल्या ऑटो-ट्यूनची आणि त्याच्या वारसांची नेहमीची चौकट बारा समान स्वरांची असते. दरबारीतला आंदोलित गंधार त्या चौकटीत घालाल तर यंत्र त्याला इस्त्री करून देईल. बारा ठरीव स्वरांत अडकलेली आणि मींड न येणारी, म्हणून पेटीला आकाशवाणीने 1940 साली बंदी घातली होती आणि ती तीसेक वर्षं टिकली. त्या बंदीचा मी समर्थक नाही, पेटी वाजवणारा आहे. पण पेटीची मर्यादा पैसे देऊन गळ्याला लावून घ्यावी, हे अजब आहे.

राहिलं मंडन, म्हणजे भाच्याचं काय. मी त्याला तीनच गोष्टी विचारल्या. संगणक कोणता, रेकॉर्ड काय करायचंय, आणि ओळखीत हे काम येणारा कोण आहे? मॅक असता तर वाद तिथेच मिटला असता, गॅरेजबँड त्याच्या घरातच आहे. त्याच्याकडे विंडोजचा लॅपटॉप. करायचंय ते लेहऱ्यावर तबला, पुढेमागे मित्राचं गाणं. कॅराओकेच्या ट्रॅकवर गाणारे आपल्याकडे पुष्कळ. त्यांना जसे दोन ट्रॅक पुरतात तसेच यालाही आज दोनच हवेत. म्हणून आज ऑडॅसिटी. तिसरा-चौथा ट्रॅक लागला की रीपर. विनॅम्प लिहिणाऱ्या जस्टिन फ्रँकेलने ते केलं आहे, जुन्या लॅपटॉपवरही चालतं, 60 दिवस पूर्ण वापरून पाहता येतं आणि घरगुती परवाना 60 डॉलरचा, म्हणजे पाचेक हजारांचा आहे. तिसऱ्या प्रश्नाला मी सर्वांत जास्त किंमत देतो. गल्लीत क्यूबेस उत्तम येणारा एखादा दादा असेल आणि तो रविवारी तासभर बसवून घेणार असेल, तर माझी वरची सगळी शिफारस रद्द समजावी.

पैसे घालायचे तर इंटरफेसमध्ये आणि माइकमध्ये घालावेत. स्वतःचा आवाज हेडफोनमध्ये उशिरा येतो ही नवशिक्यांची मुख्य तक्रार, आणि ते सॉफ्टवेअर बदलत सुटतात. बफर, म्हणजे संगणक एका खेपेला उचलतो तो आकड्यांचा गठ्ठा, 1,024 ठेवला तर आवाज संगणकात एका बाजूने 23 मिलिसेकंद अडकतो. हवेतून जाणारा आवाज तेवढ्या वेळात जवळजवळ 8 मीटर जातो, म्हणजे तबला दिवाणखान्याच्या पार पलीकडे ठेवल्यासारखं. 256 वर आणलं की तो 2 मीटरवर येतो. हे इंटरफेसच्या ड्रायव्हरवर अवलंबून आहे. बऱ्याच इंटरफेसवर तर थेट ऐकायची कळच असते, ती दाबली की प्रश्न मिटतो.

एक पथ्य मात्र कडक पाळायला सांगितलं. प्रत्येक ट्रॅक वेगळी वेव्ह फाइल करून सॉफ्टवेअरच्या बाहेर ठेवायचा. 24 बिट आणि 48 किलोहर्ट्झला एका माइकचा एक मिनिट साडेआठ एमबीच्या आसपास होतो, तासाभराचा रियाझ 520 एमबी. एवढी जागा कुठल्याही डिस्कवर असते. मग सॉफ्टवेअर भाड्याच्या घरासारखं. पटलं नाही तर आपली भांडीकुंडी उचलायची आणि निघायचं.

गेल्या रविवारी त्याची पहिली फाइल आली. रूपक, दीड मिनिट, मागे कुठेतरी मिक्सर चालू आहे. डग्गा थोडा उतरलेला आहे, तेवढं मी त्याला कळवलं.